साथीने गेले आणि साथीत गेले : अपेक्षाधिक मृत्यूंच्या आकड्यांचे वाचन

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या साथीत किती माणसे दगावली, हा प्रश्न वरवर पाहता मोजणीचा आहे. मोजणी हा सांख्यिकांचा प्रांत असल्याने भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही, असे कोणी म्हटल्यास ते स्वाभाविकच आहे. परंतु आकडा वाक्यावाचून कधी बोलत नाही. ‘सत्तेचाळीस लाख’ हा नुसता संख्याशब्द आहे. ‘सत्तेचाळीस लाख माणसे साथीने मेली’ हे एक विधान आहे आणि ‘साथीच्या दोन वर्षांत नेहमीपेक्षा सत्तेचाळीस लाख माणसे अधिक मेली’ हे निराळे विधान आहे. पहिल्या विधानाला जो पुरावा लागतो तो दुसऱ्याला लागत नाही. आणि दुसऱ्याला जो पुरतो त्याने पहिले सिद्ध होत नाही.

हे उदाहरण काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२२ रोजी जे अनुमान प्रसिद्ध केले त्यानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात अपेक्षेहून सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू अधिक झाले आणि त्यांपैकी सुमारे ४७ लाख भारतात झाले. भारताच्या अनुमानाची खालची मर्यादा ३३ लाख आणि वरची ६५ लाख होती. २०२१ च्या अखेरीस भारताच्या अधिकृत नोंदीत कोविडचे मृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार होते. भारत सरकारने संघटनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. एका पक्षाने म्हटले की, सरकारने दहातले नऊ मृत्यू लपविले; दुसऱ्या पक्षाने म्हटले की, संघटनेचा आकडा गणिती कल्पनेचा खेळ आहे. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती, ती ही की, ४७ लाख आणि ४ लाख ८१ हजार हे एकाच प्रश्नाचे दोन उत्तरांक आहेत.

हे गृहीतच तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : अधिकृत मृत्यूसंख्या हे तृतीया विभक्तीचे विधान आहे, अपेक्षाधिक मृत्यूसंख्या हे सप्तमीचे. दोहोंची तुलना करता येते, किंबहुना करावीच लागते. परंतु एक दुसऱ्याच्या जागी वाचता येत नाही.

२. संज्ञेचा विचार

प्रथम संज्ञा पाहू. या संख्येस मराठी वृत्तपत्रांत बहुधा ‘अतिरिक्त मृत्यू’ असे म्हटले गेले. ‘अतिरिक्त’ या शब्दाला आपल्या व्यवहारात दोन छटा आहेत. ‘अतिरिक्त जिल्हाधिकारी’ म्हणजे मूळ पदाच्या जोडीला असलेला अधिकारी. ‘अतिरिक्त शिक्षक’ म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जास्त झालेला, ज्याचे समायोजन करावयाचे आहे असा शिक्षक. दुसरी छटा येथे घातक आहे. तीमुळे असे सुचते की, काही मृत्यू मंजूर असतात आणि त्यावरचे तेवढे तक्रारीचे. ‘जादा’ हा शब्द एस. टी. च्या गाड्यांना शोभतो, मृत्यूंना नाही. ‘वाढीव’ या शब्दात कोणीतरी बुद्ध्या वाढविल्याचा भास आहे.

यास्तव ‘अपेक्षाधिक’ हा शब्द सुचवावासा वाटतो. त्याला एक भाषिक आधारही आहे. मराठीत तुलना दाखविणारे ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय संस्कृत ‘अपेक्षा’ या शब्दापासूनच आलेले आहे. ‘गेल्या वर्षीपेक्षा यंदा अधिक’ असे आपण म्हणतो तेव्हा शब्दाच्या मुळात ‘गेल्या वर्षीच्या अपेक्षेने पाहता’ हाच अर्थ असतो. तुलना करावयाची तर एका बाजूस पाहून दुसरी बाजू मोजावी लागते, ही गोष्ट मराठीने आपल्या अव्ययातच साठवून ठेवली आहे. मात्र ‘अपेक्षा’ या शब्दाचा ‘इच्छा, आशा’ हा आजचा रूढ अर्थ येथे बाजूस ठेवावयास हवा. साथ आली नसती तर जेवढे मृत्यू झाले असते असे आधीच्या वर्षांच्या नोंदींवरून वाटते, तेवढी अपेक्षित संख्या. प्रत्यक्ष संख्येतून ती वजा जाता जे उरते ते अपेक्षाधिक.

यावरून एक गोष्ट उघड होते. ‘अधिक’ हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. त्याला ‘कशापेक्षा’ हे पद लागते. वृत्तपत्राच्या मथळ्यातून नेमके तेच पद गळते. ‘मृत्यू वाढले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे असले तरी अर्थदृष्ट्या अपुरे आहे. गळालेले ‘पेक्षा’ परत आणून बसविणे हे वाचकाचे पहिले काम होय.

३. विभक्तीचा विचार

आता विभक्ती पाहू. मरणाविषयी बोलताना मराठी माणूस तीन-चार प्रकारची रूपे योजतो. ‘तापाने गेला’, ‘तापामुळे गेला’, ‘तापात गेला’, ‘साथीत गेला’. तृतीयेचा ‘ने’ हा करण व हेतू दाखवितो. संस्कृत वैयाकरणांनीही तृतीयेचा हेतू हा अर्थ स्वतंत्रपणे सांगितला आहे. ‘मुळे’ हे अव्यय कारण अधिक स्पष्ट करून मांडते. ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय मात्र अधिकरण दाखवितो, म्हणजे स्थळ, काळ वा अवस्था. ‘साथीत गेला’ असे म्हणणारा मनुष्य मृत्यूच्या कारणाविषयी काही प्रतिज्ञा करीत नाही; तो त्या मृत्यूचा काळ सांगतो आणि कारण ऐकणाऱ्यावर सोपवितो.

याखेरीज ‘निमित्त’ हा एक मार्मिक शब्द आपल्याकडे आहे. ‘मरणाला काहीतरी निमित्त लागते’ असे घरोघर म्हटले जाते. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची घडण या लोकसमजुतीहून फार दूर नाही. त्या प्रपत्राच्या पहिल्या भागात तात्कालिक कारण, ते ज्यातून उद्भवले ते कारण, आणि त्याच्याही मुळाशी असलेले कारण अशी उतरंड लिहावयाची असते. दुसऱ्या भागात मृत्यूस हातभार लावणाऱ्या इतर व्याधी. सांख्यिकी मोजणीत मूळ कारण धरले जाते. श्वसनक्रिया बंद पडणे हे निमित्त, फुप्फुसदाह ही मधली पायरी, विषाणूचा संसर्ग हे मूळ. मधुमेह वा रक्तदाब दुसऱ्या भागात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेले मार्गदर्शन याच धाटणीचे होते. परंतु उतरंड लिहिणारा वैद्य घाईत असला, किंवा ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहून मोकळा झाला, की मूळ कारण नाहीसे होते आणि निमित्तच कारणाच्या जागी बसते.

येथे लक्षात घ्यावयास हवे की, असे प्रमाणपत्र मिळणारे मृत्यू आपल्या देशात थोडे आहेत. २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. गोव्यासारखे राज्य, जेथे हे प्रमाण शंभर टक्के नोंदले जाते, हा अपवाद. चारांतल्या तीन मृत्यूंची तृतीया जेथे लिहिलेलीच नाही, तेथे तृतीयेची बेरीज पुरी होणे शक्य नाही. चाचणी झाली, चाचणीचा निर्णय आला, मृत्यू दवाखान्यात झाला आणि कागद योग्य तऱ्हेने भरला गेला, अशा चारही अटी पुऱ्या झालेला मृत्यू ‘कोविडने’ झालेला ठरला. उरलेले ‘कोविडात’ झाले.

या भेदाला केवळ तात्त्विक महत्त्व नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ च्या निर्णयात कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना सानुग्रह साहाय्य देण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरविण्यास सांगितले. पुढे ५० हजार रुपयांची रक्कम ठरली. चाचणीपासून तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू, मग तो दवाखान्याबाहेर झालेला असला तरी, कोविडचा मानावा असा नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्या मुदतीत आत्महत्या केलेल्या रुग्णाच्या कुटुंबासही साहाय्य देण्याचे पुढे मान्य झाले. म्हणजे तृतीयेची व्याप्ती शासनाने स्वतःच रुंदावली. आणि कुटुंबाची अडचण अशी होती की, १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे लोकांना मिळणाऱ्या मृत्यूच्या उताऱ्यावर कारण दाखवावयाचे नसते. ज्या कागदावर घरच्यांची भिस्त, त्यावर ‘ने’ नव्हताच. तो मिळविण्यासाठी जिल्हा समितीपुढे जावे लागले. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात या साहाय्यासाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्या वेळी राज्याची अधिकृत मृत्यूसंख्या १ लाख ४१ हजारांच्या पुढे होती. विभक्तीच्या एका प्रत्ययावर घरातील चुलीचा प्रश्न अवलंबून असू शकतो, हे या अर्जांनी दाखविले.

४. पूर्वोदाहरण : १९१८

हा वाद आपल्याकडे नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने, जिला आपल्या लोकांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले, याच प्रश्नाचा शंभर वर्षांपूर्वी एकदा उलगडा मागितला होता. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात पहिले रुग्ण आढळले. सप्टेंबरात दुसरी, फार उग्र लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबईहून साथ आगगाडीच्या मार्गांनी आत शिरली. मुंबई-भुसावळ हा त्यांतील एक मोठा मार्ग. मनमाड आणि नांदगाव ही गावे त्याच मार्गावर आहेत.

या साथीचे मोजमाप करताना तृतीया जवळजवळ नव्हतीच. मृत्यूची खबर गावकामगार देत आणि नोंदवहीत कारणाचे रकाने मोजके होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व आमांश, श्वसनाचे विकार, अपघात, आणि इतर सर्व. इन्फ्लुएन्झासाठी रकाना नव्हता. बहुतेक मृत्यू ‘ताप’ या रकान्यात गेले. ‘ताप’ हा रकाना म्हणजे व्याधीचे नाव नव्हे. ज्याचे नाव सांगता येत नाही त्याचे ते कोठार होते. अशा स्थितीत एकच वाट उरली : नेहमीपेक्षा किती अधिक, हे पाहणे. आज ज्याला आपण अपेक्षाधिक मृत्यू म्हणतो ती पद्धत म्हणजे रकाना नसलेल्या नोंदवहीतून काढलेली वाट आहे.

परिणामी अनुमाने कशी पालटत गेली ते पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थान सरकारचे आरोग्यायुक्त नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या प्राथमिक अहवालात संस्थाने धरून सुमारे साठ लाखांचे अनुमान दिले. किंग्स्ले डेव्हिस यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जनगणनांच्या आधारे ते दोन कोटींच्या घरात नेले. आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० ते ८० लाख असे सांगितले. सिद्धार्थ चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटिश अमलाखालील जिल्ह्यांपुरते सुमारे १ कोटी ३९ लाख असे अनुमान मांडले.

साठ लाख आणि दोन कोटी यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. ते कोठून आले? मुख्य कारण असे की, ज्यांनी नोंद करावयाची तेच आजारी पडले किंवा मेले. नोंदवहीतील मृत्यू वाढले खरे, पण प्रत्यक्ष मृत्यू वाढले त्या मानाने नोंद मागे पडली. नोंदवहीवर विसंबणाऱ्याला साथीचा फटका नोंदवहीलाही बसतो हे दिसत नाही. जनगणनेवर विसंबणाऱ्याला ते दिसते, कारण १९२१ च्या जनगणनेने माणसे मोजली, कागद नव्हे. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख झाली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले हे एकच दशक.

परंतु जनगणनेच्या पद्धतीतही ‘पेक्षा’चा प्रश्न सुटत नाही. १९१८ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस फसला होता. धान्याचे भाव भडकले होते. उपासाने खंगलेल्या शरीराला ज्वर आला आणि मनुष्य गेला, तर तो तापाने गेला, उपासाने गेला, की तापाच्या निमित्ताने गेला? दहा वर्षांच्या वजाबाकीत हे सर्व मिसळलेले असते. शिवाय जी वर्षे ‘नेहमीची’ म्हणून धरावयाची ती तरी नेहमीची कोठे होती? १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेग ठाण मांडून होता. एका साथीचे मृत्यू मोजताना दुसऱ्या साथीच्या मृत्यूंना ‘अपेक्षित’ म्हणावे लागते, ही या पद्धतीची कठोर बाजू आहे. अपेक्षित संख्या म्हणजे निरोगी समाजाची संख्या नव्हे. ज्या दुःखाची सवय झाली आहे त्या दुःखाची ती संख्या आहे.

५. २०२० व २०२१ चे आकडे

१९१८ च्या या अनुभवाची शिदोरी घेऊन अलीकडच्या आकड्यांकडे यावे. नागरी नोंदणीनुसार देशात नोंदलेले मृत्यू असे : २०१८ मध्ये सुमारे ६९.५ लाख, २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख.

घाईने वाचणारा म्हणेल : २०२० मध्ये पावणेपाच लाख मृत्यू वाढले, ते साथीचे. परंतु त्याच रीतीने २०१९ मध्ये जवळजवळ सात लाख वाढले होते आणि तेव्हा साथ नव्हती. २०१९ ची वाढ मरणाची नव्हती, नोंदणीची होती. अधिकृत अनुमानाप्रमाणे २०१८ मध्ये प्रत्यक्ष मृत्यूंपैकी सुमारे ८६ टक्के मृत्यूंची नोंद झाली होती, २०१९ मध्ये सुमारे ९२ टक्के मृत्यूंची. त्या हिशेबाने प्रत्यक्ष मृत्यू अनुक्रमे ८१ लाख व ८३ लाखांच्या आसपास येतात. म्हणजे नोंद सात लाखांनी वाढली आणि मरण दोन लाखांनी.

आता हाच हिशेब २०२० ला लावून पाहू. सरकारी बाजूने असे सांगण्यात आले की, २०२० मध्ये नोंदणी जवळजवळ पूर्ण झाली होती. ते मानले तर प्रत्यक्ष मृत्यू ८१.२ लाखच ठरतात, म्हणजे आदल्या वर्षीच्या ८३ लाखांहून सुमारे दोन लाखांनी कमी. उलट नोंदणीचे प्रमाण २०१९ इतकेच, ९२ टक्के, राहिले असे मानले तर प्रत्यक्ष मृत्यू ८८ लाखांच्या पुढे जातात, म्हणजे आदल्या वर्षीहून पाच लाखांनी अधिक. नोंदवही तीच, बेरीज तीच. एका टक्केवारीच्या निवडीने साथीचे वर्ष जीवदान देणारे ठरते किंवा पाच लाखांचा बळी घेणारे ठरते. १९१८ मध्ये जो प्रश्न नोंदवहीने लपविला, तोच २०२० मध्ये टक्केवारीच्या रूपाने पुढे आला.

जीवदानाची कल्पना सर्वस्वी हास्यास्पद आहे असे मात्र नाही. टाळेबंदीत रहदारी थांबली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे रस्ते-अपघातांत २०१९ मध्ये १ लाख ५१ हजार माणसे मेली होती, २०२० मध्ये १ लाख ३२ हजारांच्या आत मेली. हे जे वाचले ते अपेक्षाधिक संख्येतून वजा होतात. म्हणून ही संख्या साथीच्या बळींहून मोठीच असते असे नाही; ती लहानही असू शकते. ती बेरीज आणि वजाबाकी झाल्यावर उरलेली शिल्लक आहे.

२०२१ ची गोष्ट निराळी आहे. त्या वर्षी नोंदलेले मृत्यू आदल्या वर्षीहून सुमारे २१ लाखांनी वाढले. नोंदणी जवळजवळ पूर्ण असल्याचे सरकारी म्हणणे ग्राह्य धरले तर ही वाढ नोंदणी सुधारल्याने झाली असे म्हणण्यास जागा उरत नाही. येथे दुसरा एक साक्षीदारही आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार मृत्यूदर २०२० मध्ये हजारी ६.० होता, तो २०२१ मध्ये ७.५ झाला. हजारी दीडची वाढ १३६-१३७ कोटींच्या लोकसंख्येत सुमारे वीस लाखांची होते. पद्धती दोन, उत्तर जवळजवळ एक. त्या वर्षाची अधिकृत कोविड मृत्यूसंख्या मात्र ३ लाख ३२ हजारांच्या आसपास आहे. दोहोंत सहापट अंतर आहे.

या अंतराचे वाचन कसे करावे? सोळा-सतरा लाख कोविड मृत्यू दडविले, असे एकदम म्हणता येत नाही. कारण सप्तमीच्या आकड्यात उपचारांअभावी गेलेला हृदयरोगी, बंद पडलेल्या डायलिसिसचा रुग्ण, वाहन न मिळालेली बाळंतीण हे सर्व असू शकतात. तृतीयेचा आकडा पुरा आहे असेही म्हणता येत नाही. कारण ज्या महिन्यांत संसर्गाची लाट आली त्याच महिन्यांत, म्हणजे एप्रिल-मे २०२१ मध्ये, मृत्यूंची नोंद उसळली. लाट ओसरताच तीही ओसरली. आरोग्यव्यवस्थेच्या सर्वसाधारण अडचणीचे बळी वर्षभर पसरलेले असावयास हवेत. लाटेच्या तालावर चढणारी-उतरणारी संख्या बहुतांशी लाटेचीच असली पाहिजे. सप्तमी कारण सांगत नाही हे खरे; पण काळ इतका नेमका जुळला की तो कारणाची साक्ष देऊ लागतो. साक्ष आणि निर्णय यांत फरक राखणे एवढेच वाचकाने करावयाचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ४७ लाखांचे स्थानही यावरून ठरते. तो आकडा काही राज्यांच्या उपलब्ध नोंदींवरून संपूर्ण देशासाठी काढलेला आहे आणि त्याच्या दोन मर्यादांत ३२ लाखांचे अंतर आहे. मर्यादा गाळून मधला आकडा तेवढा सांगणे हे अर्धे वाक्य सांगण्यासारखे आहे. त्याचप्रमाणे, आकडा गणिती प्रतिमानातून आला म्हणून तो त्याज्य, हा आक्षेपही टिकत नाही. नोंदणी ९२ टक्के की १०० टक्के, हेही प्रतिमानच आहे.

६. जिल्हा, तालुका, गाव

देशाच्या पातळीवरचे हे वाचन खाली आणले की आणखी अडचणी दिसू लागतात. नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण घ्यावे. एप्रिल २०२० मध्ये तेथे नोंदलेले एकूण मृत्यू आदल्या एप्रिलच्या सुमारे दुप्पट होते आणि कोविडचे अधिकृत मृत्यू त्या वाढीच्या मानाने अगदी थोडे. खासगी दवाखाने बंद राहिल्याने इतर व्याधींच्या रुग्णांना उपचार मिळाले नाहीत, असे त्याचे स्पष्टीकरण त्या वेळी दिले गेले. चाचणी न होताच संसर्गाने गेलेले किती, हा प्रश्नही उपस्थित झाला. एकूण संख्या दोहोंना सामावून घेते आणि दोहोंतील वाटा सांगत नाही. मालेगावची शोककळा तीमुळे सिद्ध झाली; शोकाचे कारण तिने सांगितले नाही.

मालेगावला लागून असलेला नांदगाव तालुका याहून बोधप्रद आहे, तो मोजणीच्या मर्यादा दाखविण्यासाठी. तालुक्याची लोकसंख्या ढोबळपणे तीन लाख धरली आणि मृत्यूदर हजारी सहा धरला, तर वर्षाला सुमारे १८०० आणि महिन्याला सुमारे १५० मृत्यू अपेक्षित ठरतात. केवळ यदृच्छेने होणारी चढउतार अशा संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे महिन्याला बारा-तेराची. एखाद्या महिन्यात १६० मृत्यू झाले तर त्यावरून काही म्हणता येत नाही. ३०० झाले तर यदृच्छेचे नाव घेता येत नाही. परंतु दोन हजार वस्तीच्या एका गावी वर्षाला बाराच मृत्यू अपेक्षित असतात आणि चढउतार साडेतीनची. तेथे अठरा मृत्यू झाले तर गावकऱ्यांच्या मते गाव निम्म्याने अधिक रिते झाले. सांख्यिकाच्या मते ते योगायोगानेही घडू शकते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. गाव आपल्या अठरा माणसांना नावाने ओळखते. सांख्यिक अठरा या संख्येला ओळखतो.

दुसरी अडचण स्थळाची. कायद्याने मृत्यूची नोंद मृत्यू घडला तेथील निबंधकाकडे होते, मृताच्या राहत्या गावी नव्हे. नांदगाव तालुक्यातील अत्यवस्थ रुग्ण नाशिकला वा मालेगावला नेला जातो. तेथे तो गेला तर नाशिकच्या वा मालेगावच्या मृत्यूंत एकाची भर पडते आणि नांदगावची नोंदवही कोरी राहते. साथ जितकी उग्र, तितके रुग्ण बाहेर जाणार. म्हणून साथीच्या ऐन भरात लहान तालुक्याची नोंदवही निरोगी दिसू शकते आणि शहराची भयानक. सप्तमीला येथे दोन अर्थ आहेत : काळाची सप्तमी आणि स्थळाची सप्तमी. ‘साथीत’ मोजताना ‘कोठे’ हे पद विसरले तर काळाची सप्तमीही फसवते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांनी असा आकडा समोर आल्यास चार प्रश्न विचारावेत. पहिला, ‘कशापेक्षा’ : कोणती वर्षे नेहमीची म्हणून धरली आणि ती खरोखर नेहमीची होती काय. दुसरा, ‘कितींपैकी’ : नोंदणीचे प्रमाण किती मानले आणि साथीने नोंद करणाऱ्यांनाच ग्रासले नव्हते ना. तिसरा, ‘कोठे आणि केव्हा’ : नोंद मृत्यूच्या स्थळाची की निवासाच्या, आणि तारीख मृत्यूची की नोंदणीची. कायद्याने एकवीस दिवसांत खबर द्यावयाची असली तरी साथीत हा अवधी पाळला जातोच असे नाही. चौथा, ‘ने की त’ : विधान कारणाचे आहे की काळाचे.

हे चार प्रश्न विचारणाऱ्याला सरकारचा आकडा खोटा आणि परकीय संस्थेचा खरा, अथवा याच्या उलट, असे सोपे निर्णय देता येणार नाहीत. त्याला एवढे म्हणता येईल की, २०२१ या वर्षी देशात नेहमीहून वीस लाखांच्या आसपास माणसे अधिक गेली, हे देशाच्या स्वतःच्या दोन नोंदींवरून दिसते. त्यांपैकी अधिकृतपणे कारण सांगितले गेले ते फार थोड्यांचे. आणि उरलेल्यांचे कारण शोधण्याचे काम वैद्यकाने, लोकसंख्याशास्त्राने आणि गावोगावच्या नोंदवह्यांच्या अभ्यासकांनी करावयाचे आहे. हे विधान मथळ्यासाठी आकर्षक नाही, परंतु ते पुराव्याच्या पलीकडे जात नाही आणि पुराव्याच्या अलीकडेही थांबत नाही.

शेवटी एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. अपेक्षाधिक मृत्यूंच्या संख्येत कोणाचेही नाव नसते. तो वजाबाकीचा उत्तरांक असल्याने त्यातील ‘अधिक’ माणूस कोणता आणि ‘अपेक्षित’ माणूस कोणता, हे सांगता येत नाही. म्हणून शासनाला त्याची लाज वाटू शकते, इतिहासकाराला त्याचा आधार मिळू शकतो. पण ज्या विधवेला जिल्हा समितीपुढे आपला अर्ज सिद्ध करावयाचा आहे तिला त्याचा काही उपयोग होत नाही. तिला हवा आहे एका कागदावरचा एक ‘ने’. १९१८ च्या ‘ताप’ या रकान्यात गेलेल्यांची तृतीया आता कोणालाच लिहिता येणार नाही. २०२१ मध्ये गेलेल्यांची काही अंशी अजून लिहिता येईल; त्यांच्या घरची माणसे, त्यांना तपासलेले वैद्य आणि त्यांचे कागद अजून आहेत. या दृष्टीने एखाद्या तालुक्याच्या नोंदवह्या आणि तेथील कुटुंबांच्या तोंडच्या हकिगती शेजारी ठेवून वाचण्याचे काम आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे, असे सुचवून हे टिपण पुरे करतो.